'इतकी उंच'चं स्पॅनिशमध्ये 'तान्ता आल्ता' का होत नाही?

प्रश्न असा आला आहे: "पुढच्या महिन्यात माझी स्पॅनिशची ए-२ची परीक्षा आहे. सराव-परीक्षेत बहिणीबद्दल पाच ओळी लिहायच्या होत्या. मी लिहिलं, 'मी एर्माना एस तान्ता आल्ता कोमो मी', म्हणजे माझी बहीण माझ्याइतकी उंच आहे. सरांनी एका वाक्यात दोन लाल रेघा मारल्या. पण पुढचंच 'तेंगो तान्ता आंब्रे कोमो एया', मला तिच्याइतकी भूक लागते, हे बरोबर दिलं. दोन्हीकडे 'इतकी'च ना? शिवाय कधी 'कोमो' येतं आणि कधी 'के', हे अजून कळलेलं नाही. पुस्तकातले तक्ते पाठ आहेत, पण लिहायला बसलं की उपयोग होत नाही."

तुमच्या त्या वाक्यातल्या दोन्ही चुका अस्सल मराठी आहेत, आणि खरं सांगायचं तर त्या बघून मला बरं वाटलं. पुण्यात स्पॅनिश शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली. वर्गात दोन तऱ्हेचे विद्यार्थी असतात. काही जण मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवतात आणि मग त्याचं स्पॅनिश करतात. त्यांच्या हातून 'तान मुचो', 'तान मुचोस लिब्रोस' असले प्रकार होतात, कारण इंग्रजीत मधे 'पुष्कळ'चा शब्द घातल्याशिवाय असं वाक्य उभंच राहत नाही. दुसरे थेट मराठीवरून उडी मारतात, आणि ते 'तान्ता आल्ता' लिहितात. दुसऱ्या गटाची चूक एका तासात सुटते. पहिल्या गटाची सहा-सहा महिने सुटत नाही.

तक्त्यांचा उपयोग होत नाही यालाही कारण आहे. आपल्याकडे मिळणारी बहुतेक पुस्तकं इंग्रजी वाचकासाठी लिहिलेली असतात. त्या वाचकाला 'इतका'ची लिंग-वचनाप्रमाणे चार-पाच रूपं होऊ शकतात हेच नवल असतं, म्हणून पुस्तक सगळा जोर तिथे लावतं. तुम्हाला ते जन्मापासून येतं. तुम्हाला हवं असतं ते वेगळंच: आपली सवय कुठे थांबवायची. त्यावर पुस्तकात एक ओळ असते, तीही चौकटीबाहेर.

(स्पॅनिश शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. त्यातला 'त' आपल्या ताटातला 'त' आहे, टेबलातला 'ट' नाही. एवढी एक गोष्ट आपल्याला फुकट मिळते, ती वाया घालवू नका.)

आधी नाम घेऊ. मराठीत इतका वेळ, इतकी गर्दी, इतकं काम, इतक्या खुर्च्या. स्पॅनिशमध्ये नपुंसकलिंगी नाम नाही, म्हणून चारच रूपं: तान्तो, तान्ता, तान्तोस, तान्तास. पुढे जे नाम येईल त्याच्या लिंग-वचनाप्रमाणे रूप घ्यायचं, आणि ज्याच्याशी तुलना आहे ते 'कोमो'नंतर ठेवायचं. 'तेंगो तान्तोस लिब्रोस कोमो तू', माझ्याकडे तुझ्याइतकी पुस्तकं आहेत. लिंग अर्थातच स्पॅनिश शब्दाचं. आपलं पुस्तक नपुंसक, त्यांचं लिब्रो पुल्लिंगी. इथपर्यंत मराठी डोकं जसं चालतं तसं चालू द्या.

तुमची 'आंब्रे' मात्र गमतीची आहे. भूक म्हणजे आंब्रे स्त्रीलिंगी, पण तिच्या आधी उपपद (इंग्रजी 'द'सारखा शब्द) लागतं ते पुल्लिंगी दिसणारं: 'एल आंब्रे'. पाणी म्हणजे आग्वा, तेही स्त्रीलिंगी आणि तेही 'एल आग्वा'. सुरुवातीलाच आघात असलेला 'आ' आला की 'ला' हे नेहमीचं स्त्रीलिंगी उपपद त्याला जाऊन धडकतं, म्हणून जुन्या काळी तिथे लॅटिनमधल्या 'इल्ला'चं 'एल' असं आखूड रूप रुळलं. म्हणजे हे 'एल' पुल्लिंगी वेशातली बाई आहे. वेश फक्त अगदी लगतच्या उपपदापुरता. बाकी सगळं स्त्रीलिंगीच: तान्ता आंब्रे, मुचा आग्वा. हे स्पॅनिश लोकांचंही चुकतं. 'मुचो आंब्रे' म्हणणारे माद्रिदमध्येही भेटतील. तुम्ही बरोबर लिहिलंत, आणि ते नशिबानं झालं असेल तर आता कारणासकट लक्षात ठेवा.

आता विशेषण. मराठीत 'तो इतका उंच', 'ती इतकी उंच', 'ते घर इतकं उंच'. 'उंच' हे बदलत नाही, म्हणून लिंग दाखवायचं सगळं ओझं 'इतका'वर पडतं. 'मोठा'सारखं बदलणारं विशेषण असेल तर आपण दोघांनाही बदलतो: इतकी मोठी, इतके मोठे. म्हणजे मराठीत 'इतका' नामाआधी आला काय नि विशेषणाआधी आला काय, तो बदलतोच. तुम्ही तेच स्पॅनिशमध्ये नेलंत.

स्पॅनिश विशेषणापुढे थांबतं. तिथे 'तान्तो'ची शेपटी कापली जाते आणि उरतं नुसतं 'तान', जे कधीही बदलत नाही. लिंग-वचन दाखवायला विशेषण आहेच. 'एल एस तान आल्तो', तो इतका उंच (हे 'एल' उपपद नाही, 'तो' आहे). 'एया एस तान आल्ता', ती इतकी उंच. 'एयास सोन तान आल्तास', त्या इतक्या उंच. क्रियाविशेषणाआधीही तेच: 'तान र्रापिदो', इतक्या वेगानं. 'तान ब्येन', इतकं छान.

हे लक्षात ठेवायला मी वर्गात नियम सांगत नाही, एक कसोटी देते. 'खूप'साठी स्पॅनिशमध्ये दोन शब्द आहेत: 'मुय' आणि 'मुचो'. 'मुय आल्ता' म्हणतात, 'मुचा आल्ता' नाही. 'मुचा आंब्रे' म्हणतात, 'मुय आंब्रे' नाही. हे तुमच्या कानात आतापर्यंत पक्कं बसलेलं असणार, कारण ते पहिल्या महिन्यातलं आहे. तर जिथे 'मुय' बसेल तिथे 'तान', जिथे 'मुचो' बसेल तिथे 'तान्तो', आणि 'मुचो' जसं बदलेल तसंच 'तान्तो' बदलेल. आडवळणाच्या जागीही कसोटी टिकते. 'मेखोर' म्हणजे 'अधिक चांगला'. ते विशेषण असलं तरी 'मुय मेखोर' म्हणत नाहीत, 'मुचो मेखोर' म्हणतात. आणि म्हणूनच 'तान्तो मेखोर', मग तर उत्तमच, असंच म्हणतात. अर्थात 'मेखोर' मुळातच वरचढ असल्यामुळे बरोबरीच्या तुलनेत ते येत नाही. तिथे साधं 'ब्वेनो' (विशेषण) किंवा 'ब्येन' (क्रियाविशेषण) घ्यायचं. मराठीत 'चांगला गायक' आणि 'चांगलं गाते' एकाच शब्दावर भागतं, म्हणून हे दोन वेगळे ठेवायला जरा त्रास होतो: 'कान्ता तान ब्येन कोमो सु माद्रे', आईइतकंच छान गाते. इथे 'ब्वेना' घातलंत की रेघ.

नाम नाही, विशेषण नाही, नुसतं क्रियापद असेल तर? मराठीत 'इतकं' हे नपुंसकलिंगी रूप येतं: 'इतकं खाऊ नकोस'. स्पॅनिशमध्ये तिथे न बदलणारं 'तान्तो': 'नो कोमास तान्तो'. आपलं नपुंसक आणि त्यांचं 'ओ'कारान्त, दोन्ही तटस्थ. त्यामुळे ही जागा मराठी माणसाला कधी अडत नाही. अडतं ते दुसरंच. 'मी खातो' हेही स्पॅनिशमध्ये 'कोमो'च. म्हणून 'मी तुझ्याइतकं खातो' याचं होतं 'कोमो तान्तो कोमो तू'. यावर त्यांच्याकडे मुलांचा एक खेळ आहे: 'कोमो कोमो? कोमो कोमो कोमो.' मी कसा खातो? जसा खातो तसा खातो. लिहिताना पहिल्या प्रश्नार्थक 'कोमो'वर तिरकी रेघ येते, इतरांवर नाही. तुलनेच्या 'कोमो'वर रेघ काढून गुण घालवणारे दरवर्षी असतात.

पहिली लाल रेघ संपली. दुसरी जास्त खोल आहे, म्हणून तिच्यावर जास्त बोलते.

'कोमो मी' चुकण्याची दोन कारणं आहेत. एक तर योगायोगाची फसगत. स्पॅनिश 'तू' आणि मराठी 'तू' एकच, अर्थही तोच. मग मनाला वाटतं 'मी'ही तोच असेल. तो नाही. स्पॅनिश 'मी' म्हणजे 'माझा', आणि डोक्यावर रेघ असेल तर शब्दयोगी अव्ययानंतर येणारं 'मला, माझ्या' या जातीचं रूप. आपला कर्ता 'मी' म्हणजे त्यांचा 'यो'. दुसरं कारण मराठी व्याकरणातलं आहे. 'इतका' जोडताना आपण आधीच्या शब्दाचं सामान्यरूप करतो: मी नाही, माझ्या, तो नाही, त्याच्या, घर नाही, घरा. 'माझ्याइतका' हे ऐकायला कर्त्यासारखं वाटतच नाही, म्हणून स्पॅनिशमध्येही आपोआप कर्ता नसलेलं रूप निघतं.

यावर माझा उपाय एकच आहे आणि इतक्या वर्षांत तो फसलेला मी पाहिला नाही. 'इतका' मनातल्या मनात फोडायचा आणि त्याचं 'जितका-तितका' करायचं. 'ती माझ्याइतकी उंच आहे' म्हणजे 'जितकी मी उंच आहे, तितकी ती'. 'जितका'च्या बाजूला जे रूप आलं ते जसंच्या तसं 'कोमो'नंतर जातं. इथे आलं 'मी', कर्ता. म्हणून 'कोमो यो'. वाक्याची दिशा उलटते एवढंच: आपण 'जितका' आधी सांगतो, ते 'तितका' आधी सांगतात.

'कोमो' ही 'जितका'ची जागा आहे, हे मी ओढून-ताणून म्हणत नाही. 'तान्तो' लॅटिनमधल्या 'तान्तुस'वरून आला आणि त्याचा जोडीदार होता 'क्वान्तुस', म्हणजे शब्दशः तितका-जितका. पोर्तुगीजमध्ये आजही 'कोमो'च्या जोडीनं त्या जागी 'क्वान्तु' चालतं. स्पॅनिशमध्ये ती जागा 'कोमो'नं बळकावली, पण 'क्वान्तो' मेला नाही: 'क्वान्तो मास लेएस, मास आप्रेन्देस', जितकं जास्त वाचशील तितकं जास्त शिकशील. (मेक्सिकोत याच वाक्याची सुरुवात 'एन्त्रे मास' अशी ऐकाल. बोलायला हरकत नाही, परीक्षेत 'क्वान्तो' लिहा.)

आता हा उपाय जिथे खरा कामाला येतो ती वाक्यं बघा.

'तिला माझ्याइतकाच चहा आवडतो.' फोडा: 'जितका मला आवडतो, तितका तिला.' आता 'जितका'कडे 'मी' नाही, 'मला' आहे. म्हणून 'आ एया ले गुस्ता एल ते तान्तो कोमो आ मी'. इथे 'कोमो यो' चूक आणि 'कोमो आ मी' बरोबर! तुमच्या सरांची लाल रेघ बघून तुम्ही 'कोमोनंतर नेहमी यो' असा नियम घोकलात तर इथे पुन्हा रेघ मिळेल. 'गुस्तार' हे क्रियापद आपल्या 'आवडणे'सारखं चालतं: ज्याला आवडतं त्याला 'ला', जे आवडतं तो कर्ता. इंग्रजीवरून येणाऱ्यांना हे समजावता समजावता माझा घसा बसतो. तुम्हाला फक्त 'मला' ऐकू यायला हवं, आणि 'माझ्याइतका'मध्ये नेमकं ते दडपलेलं असतं.

यापेक्षा नाजूक उदाहरण: 'आई तुझ्यावर माझ्याइतकंच प्रेम करते.' मराठीत हे वाक्य कुणालाही खटकणार नाही, पण त्याचे दोन अर्थ होतात. जितकं मी तुझ्यावर करते तितकं? की जितकं ती माझ्यावर करते तितकं? मराठी ते संदर्भावर सोडून देतं. स्पॅनिश सोडू देत नाही. पहिला अर्थ: 'मी माद्रे ते क्येरे तान्तो कोमो यो'. दुसरा: 'मी माद्रे ते क्येरे तान्तो कोमो आ मी'. (सुरुवातीचं 'मी माद्रे' म्हणजे 'माझी आई'. म्हटलं ना, हा शब्द फसवा आहे.) वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहिलं की दहा मिनिटं भांडण होतं, आणि त्या भांडणात जे कळतं ते तक्त्यात बसत नाही.

तसंच घराचं. 'तुझं घर माझ्याइतकंच मोठं आहे' असं आपण सहज बोलून जातो, आणि ऐकणारा 'माझ्या घराइतकं' असं समजून घेतो. 'तु कासा एस तान ग्रान्दे कोमो यो' म्हणालात तर स्पॅनिश माणूस तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघेल, कारण तुम्ही घराची तुलना स्वतःच्या देहाशी केलीत. फोडा: 'जितकं माझं मोठं'. म्हणून 'कोमो ला मीआ'. कासा स्त्रीलिंगी, म्हणून 'मीआ'.

आणखी एक जोडी सांगते, कारण ती मराठीत फोडल्याशिवाय दिसतच नाही. 'माझेही तुझ्याइतके चांगले मित्र आहेत.' मित्र तितकेच चांगले, की चांगले मित्र तितकेच संख्येनं? 'तेंगो तान ब्वेनोस आमीगोस कोमो तू' म्हणजे चांगुलपणा तेवढा. 'तेंगो तान्तोस ब्वेनोस आमीगोस कोमो तू' म्हणजे संख्या तेवढी. विशेषणाआधी 'तान' गोठतं हा तुम्हाला जाचक वाटलेला नियम इथे अर्थ वेगळे करतो.

आता 'कोमो' की 'के'.

'तान'नंतर 'के' येतं तेव्हा ती तुलनाच नसते, तो परिणाम असतो. 'ती इतकी दमली होती की झोपूनच गेली': 'एस्ताबा तान कान्सादा के से दुर्म्यो'. मराठीत वाक्याच्या मधे 'की' आला, त्यांच्याकडे 'के' आला. उच्चारही शेजारचा. मराठीत 'इतका' शब्दाला चिकटला असेल (माझ्याइतका, घराइतकं) तर 'कोमो'. 'इतका' सुटा असून पुढे 'की' असेल तर 'के'. ही खूण जवळजवळ नेहमी चालते.

जवळजवळ म्हटलं, कारण एक भोक आहे. 'मी काही इतका मूर्ख नाही की ते खरं मानीन.' मराठीत 'की' आहे, तरी स्पॅनिशमध्ये सहसा 'कोमो पारा' येतं आणि पुढे क्रियापदाचं मूळ रूप: 'नो सोय तान तोन्तो कोमो पारा क्रेएर्लो'. फरक असा, की दमलेली बाई खरोखर झोपली. मूर्खपणाच्या वाक्यात ते मानणं घडलेलंच नाही, 'तेवढी मजल जात नाही' एवढंच सांगायचं आहे. मराठीतही मागे नकार असतो, तो दिसला की सावध व्हा. ए-२ला हे बहुधा विचारणार नाहीत, पण बोलताना पहिल्याच आठवड्यात लागेल.

'के' येण्याची दुसरी जागा म्हणजे 'इग्वाल' आणि 'मिस्मो', आपले 'सारखा' आणि 'तोच'. 'मी एर्माना एस इग्वाल दे आल्ता के यो', बहीण नि मी सारख्याच उंच. 'तेंगो ला मिस्मा एदाद के एया', आमचं वय एकच. यांच्यामागे 'कोमो' लावू नका. काही भागांत बोलताना ऐकू येतं, पण प्रमाण लेखनात 'के'. होकारात 'तान आल्ता कोमो' आणि 'इग्वाल दे आल्ता के' यांत फारसा फरक नाही, दुसऱ्यात आपल्या 'तितकीच'मधला 'च' जरा ठळक ऐकू येतो इतकंच. नकारात मात्र बघा: 'नो एस तान आल्ता कोमो यो' याचा अर्थ सरळ 'माझ्याइतकी उंच नाही', म्हणजे बुटकी. 'कमी उंच' असा शब्द वापरण्यापेक्षा स्पॅनिश लोक असंच बोलतात, आपणही तसंच बोलतो.

मराठीतल्या 'सारखा'वरून आणखी एक गोंधळ होतो. 'गाढवासारखा राबतो' ही तऱ्हा झाली, माप नाही. तिथे नुसतं 'कोमो': 'त्राबाखा कोमो उन बुर्रो'. 'तान्तो' घातलंत तर गाढवाचे नि त्याचे तास मोजल्यासारखं होईल. ठरीव उपमांतही 'तान' बहुतेकदा गळतो, जसं 'सोर्दो कोमो उना तापिआ', मातीच्या भिंतीसारखा ठार बहिरा. किंवा मग ते बरोबरी सोडून थेट वरचढ होतात: 'मास ब्वेनो के एल पान', पावापेक्षाही गुणी. पावाला हा मान का, हे स्पेनमध्ये चार दिवस जेवलात की कळेल.

'तान्तो' आणि 'कोमो' यांची आणखी एक जोडी आहे जी तुलनेसारखी दिसते पण तुलना नसते. 'बिन्येरोन तान्तास मुखेरेस कोमो ओम्ब्रेस' म्हणजे जितक्या बायका आल्या तितकेच पुरुष. 'बिन्येरोन तान्तो लास मुखेरेस कोमो लोस ओम्ब्रेस' म्हणजे बायकाही आल्या आणि पुरुषही. मधे उपपद आलं, 'तान्तो' गोठला, मोजणी संपली. दुसऱ्या वाक्यात शंभर बायका आणि तीन पुरुष असले तरी चालतं. याच्या मागे 'कोमो'ऐवजी 'आणि'साठीचा 'इ' लावायचा मोह होतो. लावू नका.

याच 'तान्तो'वर स्पेनच्या इतिहासातलं एक प्रसिद्ध वचन उभं आहे. कास्तिया राज्याची राणी इसाबेल आणि शेजारच्या आरागोन राज्याचा फेर्नान्दो यांचं लग्न 1469 साली झालं. फेर्नान्दोच्या राजचिन्हात जू आणि कापलेली दोरी असे आणि खाली शब्द असत 'तान्तो मोन्ता'. संदर्भ सिकंदराच्या गोष्टीचा. गोर्दियमची गाठ त्याला सुटेना, तेव्हा त्यानं ती तलवारीनं कापली. कापली काय नि सोडवली काय, सारखंच. 'मोन्तार' म्हणजे इथे भरणं, बेरीज होणं, तेवढंच भरतं. ही कल्पना आन्तोनियो दे नेब्रिखा या पंडिताची मानली जाते, ज्यानं 1492 साली कास्तियन, म्हणजेच स्पॅनिश, भाषेचं पहिलं छापील व्याकरण इसाबेलला अर्पण केलं. पुढे लोकांनी त्याचं यमक जुळवलं, 'तान्तो मोन्ता, मोन्ता तान्तो, इसाबेल कोमो फेर्नान्दो', आणि अर्थ राजा-राणीच्या बरोबरीकडे वळला. सिकंदर बाजूला पडला. मला यात आवडतं ते मराठीचं 'काय नि काय'. 'तान्तो मोन्ता'चं इतकं अचूक भाषांतर मला दुसऱ्या कुठल्या भाषेत सापडलेलं नाही.

राहिलेल्या बारीकसारीक गोष्टी भरभर सांगते. 'वाटतं तितकं अवघड नाही' याचं 'नो एस तान दिफीसिल कोमो पारेसे'. मागे पूर्ण क्रियापद आलं तरी 'कोमो'च. ('यापेक्षा जास्त'च्या वाक्यात तिथे 'दे लो के' लागतं, तो वेगळा धडा.) 'दुप्पट मोठं' सांगताना 'दोनदा इतकं' असं 'तान' घालून बनवू नका, 'एल दोब्ले दे ग्रान्दे के' म्हणा. 'शक्य तितक्या लवकर'साठी 'तान प्रोन्तो कोमो सेआ पोसिब्ले' व्याकरणात बसतं, पण सरकारी पत्रासारखं वाटतं. माणसं 'लो आन्तेस पोसिब्ले' म्हणतात, किंवा दोनच शब्दांत 'क्वान्तो आन्तेस'. आणि कुणी 'नो एस पारा तान्तो' म्हणालं तर ते आपलं 'एवढं काही झालेलं नाही' आहे, अगदी त्याच सुरात.

आता तुमच्या पाच ओळींकडे. पहिली अशी लिहा: 'मी एर्माना एस तान आल्ता कोमो यो.' दुसरी जशी आहे तशी ठेवा, 'तान्ता आंब्रे'लाही हात लावू नका आणि 'कोमो एया'लाही. पण ती का बरोबर आहे हे फोडून बघा: मराठीत भूक 'मला' लागते, 'तिला' लागते. स्पॅनिशमध्ये मात्र भूक 'बाळगतात', तेंगो, आणि बाळगणारी व्यक्ती कर्ता असते. म्हणून इथे 'आ एया' आलं नाही. 'जितका-तितका' मराठीत फोडून झाल्यावर त्यांचं क्रियापद कुणाला कर्ता मानतं हे एकदा तपासायचं, ते यासाठी. उरलेल्या तीन ओळी तुम्ही पाठवलेल्या नाहीत. त्यांत 'गुस्तार' असेल तर तिथे 'कोमो यो' आलंय का तेवढं आधी बघा.